प्रतिलोहचुंबकी ऑक्साइडांतील मॅग्नॉन मोजताना ऊर्जेइतकेच तीव्रतेकडे पाहा

प्रश्न असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे लँथेनम ऑर्थोफेराइट या प्रतिलोहचुंबकी (शेजारच्या अणूंचे चुंबकत्व उलटसुलट दिशांना असलेल्या) ऑक्साइडची १५ ग्रॅम पूड आणि फ्लोटिंग झोन भट्टीत वाढवलेला सुमारे २ ग्रॅमचा एकस्फटिक आहे. चुंबकन आणि विवर्तन ही दोन्ही मोजमापे झालेली आहेत आणि आता अप्रत्यास्थ न्यूट्रॉन प्रकीर्णनाने विनिमय स्थिरांक, म्हणजे अणूंच्या स्पिनांना (सूक्ष्म चुंबकांना) एकमेकांशी जोडणाऱ्या ऊर्जा, काढायच्या आहेत. पूड पुरेल का, कोणते स्पेक्ट्रोमीटर मागावे, आणि दिसलेला संकेत मॅग्नॉनचाच (स्पिनांच्या लहरीचा, म्हणजे स्पिन-तरंगाचा) आहे, फोनॉनचा (अणूंच्या कंपनलहरीचा) नाही, हे कसे सिद्ध करावे, अशा तीन गोष्टी त्यांनी विचारल्या आहेत.

थोडक्यात सांगायचे तर पुडीने सुरुवात करावी, एकस्फटिकावर काम संपवावे, आणि बीमटाइमचा (न्यूट्रॉन केंद्रावरील मोजणीच्या वेळेचा) अर्ज लिहिण्यापूर्वीच कोणत्या बिंदूंवर कोणता आकडा हवा आहे हे कागदावर ठरवून ठेवावे. नवख्या संशोधकांचे सगळे लक्ष शिखर कोणत्या ऊर्जेला आले याकडे असते. ते शिखर किती उंच आहे, कोणत्या तरंग-सदिशाला (न्यूट्रॉनच्या संवेगातील बदल दाखवणाऱ्या सदिशाला) उंच आहे आणि कुठे नाहीसे होते, हे मात्र कोणी फारसे पाहत नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुका तिथेच होतात, कारण प्रतिलोहचुंबकात तीव्रता ही ऊर्जेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, बोलकी असते.

न्यूट्रॉनच का, हे दोन आकड्यांत समजते. १.८ ॲंगस्ट्रॉम तरंगलांबीच्या, म्हणजे अणूंमधल्या अंतराशी जुळणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा सुमारे २५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट (यापुढे एमईव्ही) असते, आणि स्पिन-तरंगांच्या ऊर्जाही याच घरातल्या असतात. त्याच तरंगलांबीच्या क्ष-किरण फोटॉनची ऊर्जा सुमारे ६.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, म्हणजे १० एमईव्हीचा बदल टिपायचा तर जवळजवळ ७ लाखांत एक भाग इतकी अचूकता लागते. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचा चुंबकीय आघूर्ण असल्यामुळे एका बोर मॅग्नेटॉनमागे (हे अणूच्या आघूर्णाचे एकक) त्याचा प्रकीर्णन-आयाम सुमारे २.७ फेम्टोमीटर येतो. लोहाच्या केंद्रकाचा ९.४५ आणि ऑक्सिजनचा ५.८ फेम्टोमीटर आहे, हे लक्षात घेतले तर पाच बोर मॅग्नेटॉनचा त्रिसंयुजी लोह आयन केंद्रकीय संकेतापुढे मुळीच दुबळा नाही. शल आणि स्मार्ट यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडच्या विवर्तनचित्रात ८० केल्व्हिनला जादा शिखरे दाखवली, ती खोलीच्या तापमानाला नव्हती, आणि शेजारच्या स्पिनांची उलटसुलट मांडणी त्यांतून प्रथमच थेट दिसली. ब्रॉकहाउस यांनी पुढे काही वर्षांतच त्रि-अक्ष स्पेक्ट्रोमीटरवर मॅग्नेटाइटमधील स्पिन-तरंग मोजले. १९९४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल शल आणि ब्रॉकहाउस यांना मिळून मिळाले. आजची यंत्रे कितीतरी पटींनी सुधारली, पण प्रश्न विचारण्याची पद्धत तीच राहिली आहे.

आता तुमचा नमुना. लँथेनम ऑर्थोफेराइटमध्ये प्रत्येक लोह आयनाचा स्पिन ५/२ आहे, सहा जवळचे शेजारी आहेत, आणि त्या सहाही शेजाऱ्यांचे स्पिन उलट दिशेने आहेत. नेल तापमान, म्हणजे ज्याच्या वर ही उलटसुलट मांडणी मोडते ते तापमान, सुमारे ७४० केल्व्हिन. स्फटिक खरे तर ऑर्थोऱ्हाँबिक आहे, परंतु ३.९३ ॲंगस्ट्रॉम बाजूच्या आभासी घनाच्या भाषेत बोलणे सोयीचे पडते, आणि खाली मी तीच भाषा वापरतो. प्रत्येक शेजारी-जोडी एकदाच मोजण्याच्या संकेतानुसार, सरासरी-क्षेत्र सिद्धांतात नेल तापमानाची ऊर्जा म्हणजे शेजाऱ्यांची संख्या, विनिमय स्थिरांक आणि स्पिन गुणिले स्पिन अधिक एक, यांच्या गुणाकाराचा तृतीयांश. ७४० केल्व्हिन म्हणजे ६३.८ एमईव्ही; त्यावरून विनिमय स्थिरांक ३.६५ एमईव्ही येतो. स्पिन-तरंगांची वरची कड (कमाल ऊर्जा) ही शेजारी, विनिमय आणि स्पिन यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे सुमारे ५५ एमईव्ही. प्रत्यक्षात ती कड सत्तरीच्या पुढे सापडते. हा फरक चुकीचा नाही, अपेक्षितच आहे: सरासरी-क्षेत्र सिद्धांत चढउतार विचारात घेत नाही, म्हणून दिलेल्या विनिमयासाठी तो नेल तापमान फुगवून सांगतो, आणि उलट वाचले की विनिमय कमी निघतो. घनाकार जालकात हा अंदाज पंचवीस-तीस टक्क्यांनी खाली आहे असे धरून चालावे. स्तरित ऑक्साइडांत मात्र हे गणित पार कोसळते, कारण तिथे नेल तापमान हे थरांमधल्या दुबळ्या जोडणीवर बरेच अवलंबून असते आणि थरातील प्रचंड विनिमयाचा त्यावरून पत्ताच लागत नाही.

तळाकडचे गणित वेगळे आहे. विषमदिकता (स्पिनांचा ठरावीक दिशेकडील ओढा) शून्य असती तर प्रतिलोहचुंबकी केंद्राशी (चुंबकीय विवर्तन-शिखराच्या बिंदूशी) मॅग्नॉनची ऊर्जा शून्यापासून सरळ रेषेत चढली असती. लोहचुंबकाप्रमाणे वर्गाने नव्हे. विषमदिकता आली की तळाशी गॅप, म्हणजे मॅग्नॉनची शून्याहून वरची किमान ऊर्जा, उघडतो, आणि तो विषमदिकतेइतका नसून विनिमय आणि विषमदिकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उदाहरणादाखल विनिमय-क्षेत्राची ऊर्जा ७३ आणि विषमदिकतेची ०.०२५ एमईव्ही धरली, तर त्यांच्या गुणाकाराच्या दुपटीचे वर्गमूळ १.९ एमईव्ही येते. तीन हजारात एक भाग इतकी क्षुल्लक ऊर्जा चांगली मोजता येईल इतकी मोठी होऊन समोर येते, ही प्रतिलोहचुंबकाची देणगी आहे. मात्र यातच एक फसवणूक दडलेली आहे. गॅप एकटा मोजून विषमदिकता कळत नाही, फक्त गुणाकार कळतो. म्हणून वरची कड आणि तळाचा गॅप ही दोन्ही टोके मोजावी लागतात, आणि ही दोन टोके बहुधा एकाच मांडणीत बसत नाहीत: वरच्या कडेला १०० एमईव्हीच्या पुढचे न्यूट्रॉन लागतात, तर २ एमईव्हीच्या गॅपसाठी थंड (कमी ऊर्जेचे) न्यूट्रॉन आणि एमईव्हीच्या दशांशातली विभेदनक्षमता लागते.

तीव्रतेचे तीन नियम मनात पक्के बसले पाहिजेत. पहिला ध्रुवीकरणाचा: स्पिनचा जो घटक तरंग-सदिशाला लंब आहे तेवढाच न्यूट्रॉनला दिसतो. एकरेषीय प्रतिलोहचुंबकात मॅग्नॉन म्हणजे आघूर्णाला लंब असलेली डोलणी; त्यामुळे तरंग-सदिश आघूर्णाला समांतर ठेवला तर दोन्ही डोलणी दिसतात आणि लंब ठेवला तर एकच दिसते. गॅप दोन असतील, तर कोणता कोणत्या दिशेच्या डोलणीचा हे ओळखण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही. अट एवढीच की स्फटिकात चुंबकीय क्षेत्रके (आघूर्णांची दिशा वेगवेगळी असलेले भाग) किंवा जुळे भाग (निराळ्या दिशेने वाढलेले स्फटिक) मिसळलेले नसावेत. निकेल ऑक्साइडसारख्या पदार्थात १२ प्रकारची क्षेत्रके एकत्र नांदू शकतात आणि मग ही सगळी दिशा-माहिती सरासरीत वाहून जाते. ऑर्थोफेराइटही जुळे स्फटिक सहज बनवतात, तेव्हा न्यूट्रॉनकडे जाण्यापूर्वी लाउए छायाचित्रे (स्फटिकाची दिशा दाखवणारी विवर्तनचित्रे) एकाच नव्हे तर चार-पाच जागी घ्यावीत.

दुसरा नियम फॉर्म फॅक्टरचा. चुंबकीय प्रकीर्णन इलेक्ट्रॉनांच्या पसरलेल्या ढगाकडून होते, म्हणून तरंग-सदिश वाढला की ते घटते. त्रिसंयुजी लोहासाठी या घटकाचा वर्ग १.४ प्रति ॲंगस्ट्रॉमला सुमारे ०.८, २.७ ला सुमारे निम्मा, आणि ४ ला जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. फोनॉनची तीव्रता उलट तरंग-सदिशाच्या वर्गाबरोबर वाढत जाते. या दोन वक्रांची कात्री हाच मॅग्नॉन आणि फोनॉन वेगळे करण्याचा पहिला आधार.

तिसरा नियम खास प्रतिलोहचुंबकाचा, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर चुंबकीय ब्रॅग बिंदू आणि केंद्रकीय ब्रॅग बिंदू (विवर्तनात अनुक्रमे स्पिनांच्या आणि अणूंच्या मांडणीमुळे शिखर येते ते तरंग-सदिश) यांच्याभोवतीचे मॅग्नॉन सारखेच दिसतात. अपस्करणाचा (तरंग-सदिशानुसार बदलणाऱ्या ऊर्जेचा) आलेख दोन्हीकडे तोच. तीव्रता मात्र टोकाची निराळी असते. चुंबकीय बिंदूजवळ ती ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते, तर केंद्रकीय बिंदूजवळ शून्याकडे जाते, कारण तिथे उलटसुलट स्पिनांचे योगदान एकमेकांना खोडते. वरच्या कडेच्या एक दशांश ऊर्जेवर चुंबकीय बिंदूशेजारचा मॅग्नॉन कडेवरच्या मॅग्नॉनच्या सुमारे वीसपट तेजस्वी असतो. तेव्हा तुमच्या नमुन्यात अर्धा-अर्धा-अर्धा या चुंबकीय बिंदूपाशी (हे आभासी घनाच्या व्यस्त जालकातले निर्देशांक) जो शंकू दिसतो, तोच एक-एक-एक या केंद्रकीय बिंदूपाशीही तितकाच ठळक दिसला, तर तो ध्वनिक फोनॉन असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे, मग त्याचा उतार कितीही सोयीचा असो.

आता उपकरणांकडे येऊ. उड्डाणकाल स्पेक्ट्रोमीटरवर न्यूट्रॉनची आपाती ऊर्जा ठरवलेली असते, प्रत्येक न्यूट्रॉन शोधकापर्यंत किती वेळात पोहोचला यावरून हस्तांतरित ऊर्जा कळते, आणि शोधकांची भिंत मोठी असल्यामुळे एका दमात विस्तीर्ण प्रदेश मिळतो. ब्रिटनच्या आयसिस न्यूट्रॉन स्रोतावरील मर्लिन आणि मॅप्स, अमेरिकेतील ओक रिजच्या स्पॅलेशन स्रोतावरील सिक्वोया आणि आर्क्स, जपानच्या जे-पार्कमधील फोर-सीझन्स ही या जातीची यंत्रे. एकस्फटिक उभ्या अक्षाभोवती अर्ध्या किंवा एका अंशाच्या पायऱ्यांनी फिरवत नेला की चारही मितींचा, म्हणजे तरंग-सदिशाचे तीन घटक आणि ऊर्जा यांचा, ठोकळा हाती येतो आणि नंतर होरेससारख्या प्रणालीत तो हवा तसा कापता येतो. त्रि-अक्ष स्पेक्ट्रोमीटर याउलट एका वेळी एकच बिंदू मोजतो, पण त्या बिंदूवर हवा तितका वेळ थांबतो, आणि तापमान, चुंबकीय क्षेत्र किंवा ध्रुवित न्यूट्रॉन यांसोबत काम करायचे तर अजूनही त्याला तोड नाही. फ्रान्समधील ग्रनोबलच्या ५८ मेगावॉट अणुभट्टीभोवती अशा यंत्रांची रांगच आहे. नकाशा हवा असेल तर उड्डाणकाल मागावा, आणि नकाशावरच्या एका गावाची खानेसुमारी करायची असेल तर त्रि-अक्ष.

अर्जात सर्वाधिक वेळा राहून जाणारी गोष्ट म्हणजे त्रिकोण बंद होतो की नाही. आपाती आणि प्रकीर्ण तरंग-सदिश यांच्या वजाबाकीतून हस्तांतरित तरंग-सदिश बनतो, आणि दिलेल्या ऊर्जाहस्तांतरणासाठी तो एका मर्यादेखाली जाऊच शकत नाही. १२० एमईव्हीचे न्यूट्रॉन घेऊन ७० एमईव्ही हस्तांतरित केले, तर आपाती तरंग-सदिश ७.६१ आणि प्रकीर्ण ४.९१ प्रति ॲंगस्ट्रॉम. म्हणजे शून्य कोनातही २.७ च्या खाली पोहोचता येत नाही. तुमचा पहिला चुंबकीय बिंदू १.४ च्या जवळ आहे. तिथे ७० एमईव्ही पाहायचे तर आपाती ऊर्जा ४०० च्या आसपास न्यावी लागेल, आणि मग विभेदनक्षमता दहा-पंधरा एमईव्हीवर घसरेल. यातून मार्ग म्हणजे पुढच्या ब्रिल्वाँ क्षेत्रांत (व्यस्त जालकाच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या घरांत), २.७ ते ३.५ च्या टापूत, वरची कड मोजणे आणि फॉर्म फॅक्टरमुळे निम्म्याखाली जाणारी तीव्रता मान्य करून वेळ वाढवून घेणे. मी हाच पर्याय निवडेन.

नमुना बसवण्याबद्दल एक कटू अनुभव सांगतो. आमच्या गटाने एकदा डझनभर लहान स्फटिक ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर ओळीने बसवले, दोन आठवडे राबून त्यांची दिशा दोन अंशांच्या आत जुळवली, आणि ते चिकटवले मात्र कपाटात मिळालेल्या साध्या इपॉक्सीने. मोजणी सुरू झाल्यावर तासाभरातच पार्श्वभूमी इतकी चढली की शंकू तिच्यात बुडून गेला. हायड्रोजनचा असंबद्ध (सगळ्या दिशांना सारखाच पसरणारा) प्रकीर्णन-छेद, म्हणजे न्यूट्रॉन विखुरण्याच्या शक्यतेचे माप, ८० बार्न आहे. हिशेब केला तर १०० मिलिग्रॅम इपॉक्सीतला हायड्रोजन हा २ ग्रॅम ऑर्थोफेराइटमधल्या सगळ्या मॅग्नॉनांच्या एकत्रित छेदाहून दहापटींनी जास्त भरतो. हा हिशेब आधी पाच मिनिटांत करता आला असता. तेव्हापासून आम्ही हायड्रोजनविरहित फ्लोरिनयुक्त डिंक वापरतो, किंवा शक्य तिथे तारेने आणि चिमट्याने काम भागवतो, आणि धारकाचा बीममध्ये येणारा भाग कॅडमियमने झाकतो. अतिउष्ण न्यूट्रॉनांपुढे कॅडमियम निकामी ठरते, हे लक्षात ठेवून उच्च आपाती ऊर्जेला बोरॉनयुक्त आच्छादन घ्यावे. ॲल्युमिनियमही निरुपद्रवी नाही: त्याचे फोनॉन ४० एमईव्हीपर्यंत पसरलेले असतात आणि त्याचे पहिले ब्रॅग वलय २.६९ प्रति ॲंगस्ट्रॉमला येते. म्हणून रिकाम्या धारकाची मोजणी वेगळी घ्यावीच. ती पुढच्या वेळी घेऊ म्हणून सोडून दिली जाते, आणि ती पुढची वेळ सहसा येत नाही.

पूड पुरेल का? काही प्रश्नांसाठी नक्कीच. पुडीत दिशांची सरासरी होते, तरीही वरची कड, गॅप, आणि १.४ प्रति ॲंगस्ट्रॉमपासून वर चढणारी तेजस्वी भिंत ही तीनही लक्षणे दिसतात. केवळ जवळच्या शेजाऱ्यांचाच विनिमय असेल, तर व्यस्त जालकातील एका अख्ख्या पृष्ठभागावर मॅग्नॉनची ऊर्जा एकच, म्हणजे कमाल, असते. त्यामुळे पुडीच्या वर्णपटात वरच्या कडेशी टोकदार शिखर उभे राहते आणि पहिला विनिमय स्थिरांक बऱ्यापैकी निश्चित होतो. पण दुसऱ्या शेजाऱ्यांचा विनिमय काढायचा झाला की पूड हात टेकते. त्या पृष्ठभागावरचे दोन बिंदू घ्या: पाव-पाव-पाव आणि अर्धा-शून्य-पाव. पहिल्या विनिमयाला हे दोन्ही बिंदू सारखेच. दुसरा विनिमय प्रतिलोहचुंबकी असेल तर दोन्हीकडची ऊर्जा उतरते, पण दुसऱ्या बिंदूवर ती दुसरा विनिमय गुणिले स्पिन याच्या चौपटीने अधिक उतरते. दुसरा विनिमय ०.२ एमईव्ही असेल तर हा फरक २ एमईव्ही. पुडीत तो फक्त शिखराची रुंदी बनून राहतो, आणि रुंदीला कारणे पन्नास असतात. एकस्फटिकात मात्र ही दोन स्वतंत्र शिखरे आहेत, त्यांची मूळ तीव्रता सारखी आहे, आणि केंद्रे अर्ध्या एमईव्हीपर्यंत ठरवता आली तर दुसरा विनिमय ०.०५ पर्यंत पक्का होतो. पुडीपासून एकस्फटिकाकडे जाण्याचे कारण हे आहे. चित्र देखणे येते म्हणून नव्हे.

संकेत चुंबकीय आहे हे सिद्ध करण्यासाठी बहुतेक जण नेल तापमानाच्या वर जाऊन शिखर नाहीसे झाले असे दाखवतात. हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. एक तर तुमच्या बाबतीत त्यासाठी ७४० केल्व्हिनच्या वर भट्टी न्यावी लागेल, आणि तिथे प्रत्येक फोनॉन बोस घटकामुळे (तापमानाबरोबर लहरी किती वाढतात ते सांगणाऱ्या घटकामुळे) फुगलेला असेल. दुसरे, क्रम मोडला म्हणून स्पिनांमधले नाते तुटत नाही. लँथेनम कॉपर ऑक्साइडमध्ये ३२५ केल्व्हिनच्या नेल तापमानानंतरही थरातले सहसंबंध लांबवर टिकून राहतात आणि उच्च ऊर्जेचे मॅग्नॉन फारसे हलतही नाहीत. त्याऐवजी ५ आणि ३०० केल्व्हिन अशी दोन तापमाने घ्यावीत आणि बोस घटकाने भागून पाहावे. २० एमईव्हीच्या फोनॉनचा बोस घटक ३०० केल्व्हिनला ०.८६ ने वाढलेला असतो, तर ७० एमईव्हीच्या मॅग्नॉनचा जेमतेम ०.०७ ने. त्याला तरंग-सदिशावरील अवलंबनाची जोड द्यावी. तेवढ्यानेही शंका फिटली नाही तरच ध्रुवित न्यूट्रॉन मागावेत. ध्रुवीकरण तरंग-सदिशाला समांतर ठेवले की चुंबकीय प्रकीर्णन सगळे न्यूट्रॉनचा स्पिन उलटवते आणि फोनॉन तो तसाच ठेवतो. या कसोटीपुढे वाद उरत नाही, पण न्यूट्रॉनांची संख्या इतकी घटते की दिवसाचे काम आठवड्यावर जाते.

त्रि-अक्षावर आणखी एक धोका आहे, तो म्हणजे यंत्रानेच निर्माण केलेली खोटी शिखरे. एका ऑक्साइडवर काम करताना १८.४ एमईव्हीला एक सुबक शिखर मिळाले. तरंग-सदिश बदलला तरी ते जागचे हलेना, म्हणून सगळ्यांनी तो सपाट प्रकाशीय मॅग्नॉन मानला आणि संध्याकाळपर्यंत त्यासाठी मॉडेलही तयार झाले. प्रकीर्ण ऊर्जा १४.७ एमईव्हीला स्थिर होती. रात्रपाळीतल्या विद्यार्थिनीने गणित मांडले: १८.४ म्हणजे १४.७ ची बरोबर सव्वापट. एकवर्णकारक (नमुन्याआधी न्यूट्रॉनची ऊर्जा निवडणारा स्फटिक) दुसऱ्या कोटीत आपाती तरंग-सदिशाच्या दुपटीचे न्यूट्रॉनही सोडतो, विश्लेषक (नमुन्यानंतर ऊर्जा निवडणारा स्फटिक) तिसऱ्या कोटीत तिप्पट तरंग-सदिशाचे स्वीकारतो, आणि ही दुप्पट व ही तिप्पट सारखी झाली की नमुन्यातून साधे प्रत्यास्थ, असंबद्ध प्रकीर्णन झालेले न्यूट्रॉन आपले शिखर बनवतात. असंबद्ध प्रकीर्णनाला तरंग-सदिशाची फिकीर नसते, म्हणूनच ते सपाट दिसत होते. तिने प्रकीर्ण ऊर्जा १३.७ केली, शिखर १७.१ वर सरकले. पाहिले तर असे उच्च कोटीचे न्यूट्रॉन अडवणारी ग्रॅफाइटची गाळणी बीमच्या बाहेरच राहिलेली होती. खरा मॅग्नॉन प्रकीर्ण ऊर्जा बदलल्याने जागचा हलत नाही, त्यामुळे ही चाचणी प्रत्येक नव्या शिखरावर करावी असा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो.

विभेदनक्षमतेचा विचार न करता शिखराला गॉसियन बसवणे हा दुसरा नेहमीचा प्रमाद. लँथेनम कॉपर ऑक्साइडमध्ये स्पिन-तरंगाचा वेग सुमारे ८५० एमईव्ही-ॲंगस्ट्रॉम आहे. ४० एमईव्हीला स्थिर-ऊर्जा छेद घेतला तर शंकूच्या दोन भिंती एकमेकींपासून ०.०९ प्रति ॲंगस्ट्रॉमवर असतात. बहुतेक मांडण्यांत त्या एकच जाड शिखर म्हणून दिसतात. त्या शिखराचे केंद्र घेऊन मॅग्नॉन हलतच नाही असे म्हणणे हास्यास्पद ठरेल, पण तशी विधाने मी परीक्षक म्हणून वाचलेली आहेत. शिवाय विभेदन-दीर्घवर्तुळ, म्हणजे यंत्र ऊर्जा आणि तरंग-सदिश यांत जेवढा भाग एकत्र टिपते तो, तिरके असते. त्याचा कल शंकूच्या एका भिंतीशी जुळतो आणि दुसरीशी नाही, म्हणून सममित शंकूही एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला पसरट दिसतो. यावर उपाय एकच: मॉडेलचा संपूर्ण प्रकीर्णन-छेद विभेदन-फलनातून गाळून घ्यावा आणि तो थेट मोजलेल्या गणनांशी ताडून पाहावा. आधी शिखरांची केंद्रे काढून मग अपस्करणाला वक्र बसवणे ही पद्धत पहिल्या अंदाजापुरतीच ठेवावी.

मॉडेलसाठी रेषीय स्पिन-तरंग सिद्धांत, ज्याचा प्रतिलोहचुंबकांसाठीचा पाया अँडरसन आणि कुबो यांनी १९५२ मध्ये घातला, तुमच्या ५/२ स्पिनसाठी उत्तम चालतो, आणि स्पिनडब्ल्यूसारख्या प्रणालीत तो काही ओळींत मांडता येतो. स्पिन १/२ असेल तर सावध राहावे: चौरस जालकात ऊर्जा १.१८ ने गुणाव्या लागतात, आघूर्ण सुमारे ०.६ बोर मॅग्नेटॉनवर घसरतो, आणि मॅग्नॉनमधून निसटलेली तीव्रता बहु-मॅग्नॉन सातत्यकात पसरते. लँथेनम कॉपर ऑक्साइडचे २००१ मधले आयसिसवरचे मोजमाप हा याचा उत्तम धडा आहे. तिथे ब्रिल्वाँ क्षेत्राच्या कडेवर ऊर्जा सपाट निघाली नाही. जवळच्या शेजाऱ्यांच्या मॉडेलला ती सपाट हवी होती. दुसऱ्या शेजाऱ्यांचा विनिमय लोहचुंबकी धरला तर आकडे जुळत होते, पण अशा विनिमयाला त्या रचनेत पटण्याजोगे कारण नव्हते. संशोधकांनी चार स्पिनांना एकत्र गुंफणारा चक्रीय विनिमय धरला आणि त्याने तेच आकडे भौतिकदृष्ट्या सुसंगत रीतीने समजावले. आकडे जुळले म्हणजे मॉडेल बरोबर ठरत नाही, हे त्या प्रकरणातून शिकावे. तीव्रता व्हॅनेडियमच्या (ज्ञात प्रकीर्णन-छेदाच्या प्रमाण नमुन्याच्या) आधारे निरपेक्ष एककांत आणून ठेवली तर आणखी एक पहारा बसतो: स्पिन आणि स्पिन अधिक एक यांच्या गुणाकाराने ठरणारी एकूण बेरीज ओलांडता येत नाही, आणि हिशेबात आघूर्ण गहाळ झाला असेल तर तो कुठे गेला हे शोधावेच लागते.

सगळ्याच ऑक्साइडांना हा मार्ग खुला नाही. इरिडियमचा शोषण-छेद ४२५ बार्नच्या आसपास आहे आणि गॅडोलिनियमचा सुमारे ४९,७०० बार्न. अशा पदार्थांत चपट्या नमुन्याने किंवा समस्थानिकाने काही प्रमाणात मार्ग निघतो, अन्यथा अनुनादी अप्रत्यास्थ क्ष-किरण प्रकीर्णनाकडे वळावे लागते, आणि तिथे काही मायक्रोमीटरचा स्फटिकही चालतो. तुमच्या नमुन्यात ती अडचण नाही. लँथेनम सुमारे ९ आणि लोह २.६ बार्न शोषतात.

तुमच्या जागी मी असतो तर पुडीसाठी १२० एमईव्ही आपाती ऊर्जेवर ५ आणि ३०० केल्व्हिनला प्रत्येकी काही तास मागितले असते, वरची कड आणि पहिला विनिमय त्यातून घेतला असता, आणि मगच एकस्फटिकाचा अर्ज केला असता. एकस्फटिकासाठी १२० एमईव्हीवर चार मितींचा नकाशा आणि थंड न्यूट्रॉनांवर अर्धा-अर्धा-अर्धा बिंदूपाशी गॅप, असे दोन स्वतंत्र भाग मागावेत. पाव-पाव-पाव आणि अर्धा-शून्य-पाव या बिंदूंची २.७ प्रति ॲंगस्ट्रॉमच्या पुढची सगळी समतुल्य रूपे आधीच यादीत काढून ठेवावीत आणि नकाशातून ती एकत्र करून दोन शिखरांची केंद्रे ताडून पाहावीत. फरक मिळाला तर दुसरा विनिमय मिळाला. फरक मोजणीच्या चुकीत विरून गेला तर दुसरा विनिमय शून्य आहे असे लिहू नये. अर्ध्या एमईव्हीच्या मर्यादेतून येणारी ०.०५ एमईव्ही ही कमाल मर्यादा लिहावी आणि ती कोणत्या बिंदूंवरून काढली हेही सांगावे.